पहाटेची मोटर आणि दोन व्होल्टेजांची गाठ: कामाची वही

१६ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर उगावला, मामांच्या द्राक्षबागेत. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात छाटणी झाली, म्हणजे मण्यांत पाणी उतरायची वेळ बरोबर डिसेंबरअखेर ते जानेवारीत येणार. निफाड तालुक्यात कडाक्याची थंडी पडते तीही तेव्हाच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पेपरात छापून येतो आणि सगळा तालुका चहासोबत तो आकडा चघळतो. मामांना चघळायला वेळ नसतो. ते साडेतीनला उठतात, थर्मामीटर बघतात, ठिबकला मोटर लावतात आणि बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतात. विहिरीचं, शेततळ्याचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. ओली माती ऊब धरून ठेवते, मणी तडकायचं प्रमाण कमी होतं. मागच्या जानेवारीत लग्नाला गेले, एक रात्र चुकली, आणि पश्चिमेकडच्या ओळींना तडे गेले.

काम ठरलं ते असं: पारा ८ अंशांच्या खाली गेला आणि घड्याळात पहाटे तीन ते सहाच्या मधली वेळ असली, तर शेततळ्यात पाणी आहे याची खात्री करून पेटीने आपोआप मोटर लावायची. थ्री फेज लाईन रात्रपाळीची असेल त्याच आठवड्यात हे चालेल. दिवसपाळीच्या आठवड्यात आहेच, शेकोटी.

१९ नोव्हेंबर

सामान टेबलावर मांडलं आणि प्रत्येकाच्या पोटातलं व्होल्टेज कागदावर लिहिलं. ईएसपी-३२ बोर्ड, म्हणजे पेटीचा मेंदू: ३.३. तापमानाचा एसएचटी-३१: ३.३. सोळा बाय दोनचा एलसीडी, पाठीला तो तारांना जोडणारी पीसीएफ-८५७४ चिप चिकटवलेला: ५. डीएस-३२३१ घड्याळ: मॉड्यूलवर ५ लिहिलंय. मोटरचा स्विच दाबणारा रिले बोर्ड: ५. शेततळ्याकाठी आर्डुइनो नॅनो हा दुसरा छोटा बोर्ड आणि पाण्याची उंची मोजणारा वॉटरप्रूफ अल्ट्रासॉनिक: दोन्ही ५.

म्हणजे अर्धी वस्ती पाचची, अर्धी सव्वातीनची. १९६०च्या दशकात टीटीएल चिपा आल्या तेव्हापासून ५ हा आकडा रुजला. पुढे चिपांच्या आतले ट्रान्झिस्टर बारीक होत गेले, त्यांना ५ सोसेना. शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वीज खर्च होते, त्यामुळे ५ वरून ३.३ वर आलं की तोच खर्च ४४ टक्क्यांवर येतो. हे सगळं खरं, पण बाजारात मात्र दोन्ही पिढ्या एकाच पाकिटात मिळतात.

२० नोव्हेंबर

आळस केला. एलसीडी आणि घड्याळ सरळ ईएसपीच्या आय-टू-सी तारांना (सगळी मॉड्यूलं ज्या दोन सामाईक तारांवरून बोलतात त्या) जोडलं, मध्ये काहीच नाही. लगेच चाललं. अक्षरं स्वच्छ, वेळ बरोबर.

मग सवयीने मीटर लावला. तारा मोकळ्या असताना एसडीएवर, म्हणजे त्यातल्या डेटाच्या तारेवर, ४ व्होल्टच्या वर. ३.३ पण नाही, ५ पण नाही! डोकं खाजवलं तेव्हा कळलं. एलसीडीच्या आणि घड्याळाच्या मॉड्यूलवर प्रत्येकी ४.७ किलोओहमचे पुल-अप (तार मोकळी असताना तिला वर धरणारे रेझिस्टर) ५ व्होल्टकडे ओढतायत, एसएचटीच्या मॉड्यूलवरचे १० किलोओहम ३.३ कडे. रस्सीखेच चालली आहे आणि दोर मध्येच कुठेतरी थांबलाय.

गंमत अशी की चालत होतं ते या रस्सीखेचीमुळेच. पीसीएफ-८५७४ ला ५ व्होल्टवर चालवलं तर ‘एक’ ओळखायला किमान ०.७ पट, म्हणजे ३.५ व्होल्ट लागतात. ईएसपीचे ३.३ त्याला अधिकृतपणे पुरतच नाहीत. इकडे ईएसपीच्या पिनेला जास्तीत जास्त ३.६ झेपतात आणि मी वर चार दिलेत. एकाला हवं ते दुसऱ्याच्या अंगावर. इंटरनेटवर शेकडो लोक हेच करून ‘काही होत नाही’ म्हणतात. काही दिवस काही होत नाही हे खरंच आहे.

एलसीडीला ३.३ वर चालवून पाहिला. पडदा कोरा. आतल्या काचेला काँट्रास्टसाठी लागणारा फरक मिळत नाही.

२२ नोव्हेंबर

सोपी गाठ आधी सोडवली. शेततळ्यापासून मोटरच्या शेडपर्यंत साधारण ७० मीटर. तिथे आरएस-४८५, लांब केबलवरून बोलायची पद्धत. या पद्धतीत ‘एक’ की ‘शून्य’ हे दोन तारांमधल्या फरकावर ठरतं, २०० मिलिव्होल्टचा फरकही पुरतो. त्यामुळे त्या टोकाला नॅनो पाचवर आणि या टोकाला ईएसपी ३.३ वर असला तरी केबलला त्याचं सोयरसुतक नाही. भांडण फक्त या टोकाच्या मॅक्स-४८५ चिपमध्ये, कारण तीही पाचवरच चालते. ईएसपीकडून चिपकडे जाणाऱ्या तारेला काहीच केलं नाही: ही चिप २ व्होल्टच्या वर ‘एक’ मानते, ३.३ तिला भरपूर. उलट्या वाटेवर एक किलोओहम आणि दोन किलोओहमचा विभाजक टाकला, पाचाचे ३.३३ झाले. ९६०० बॉडला एवढं पुरे.

रिलेला बीसी-५४७ ट्रान्झिस्टर. ईएसपीची पिन फक्त बेसला करंट देते, रिले बोर्डाची इनपुट पिन कलेक्टरवर. पाच व्होल्ट ईएसपीपर्यंत येतच नाहीत. बेसला १० किलोओहम ग्राउंडकडे, म्हणजे बोर्ड सुरू होताना पिन थरथरली तरी मोटर चुकून लागणार नाही. स्टार्टरच्या बाजूची जोडणी मामांच्या नेहमीच्या वायरमननेच करायची. थ्री फेजच्या पेटीत मी हात घालणार नाही.

२६ नोव्हेंबर

राहिला आय-टू-सी. इथे विभाजक चालत नाही, कारण एकाच तारेवर दोन्ही बाजूंनी बोललं जातं. कंपनीत टेस्ट बेंचवरच्या काकांनी खिशातून एक टीएक्सबी-०१०८ चं, व्होल्टेज बदलून देणारं मॉड्यूल काढलं. ‘दिशा आपोआप ओळखतं, लाव.’ लावलं. घड्याळ कधी दिसतं, कधी नाही. डेटाशीट उघडली: या चिपेला ५० किलोओहमपेक्षा कमी पुल-अप चालत नाहीत, आय-टू-सीला तर पुल-अप हाच आधार. काकांचं मॉड्यूल दुसऱ्या दिवशी परत केलं. त्यांनी विचारलं, ‘झालं?’ मी म्हटलं, ‘झालं.’ कोण वाद घालणार.

२९ नोव्हेंबर

जुनी आणि देखणी युक्ती वापरायची ठरवली. आय-टू-सी फिलिप्सने १९८२ मध्ये काढला आणि दोन व्होल्टेजांमधली गाठ एकाच एन-चॅनल मॉसफेटने (गेटच्या व्होल्टेजने उघडणारा-मिटणारा ट्रान्झिस्टर) बांधायची त्यांची अ‍ॅप्लिकेशन नोट १९९७ ची. प्रत्येक तारेला एक मॉसफेट: गेट कायम ३.३ ला, सोर्स ३.३ च्या तारेला, ड्रेन ५ च्या तारेला, दोन्हीकडे आपापले पुल-अप. कोणीच बोलत नसेल तेव्हा गेट आणि सोर्स दोन्ही ३.३ वर, मॉसफेट बंद, दोन्ही तारा आपापल्या उंचीवर. ईएसपीने तार खाली ओढली की सोर्स शून्यावर येतो, गेट वर राहतो, मॉसफेट उघडतो आणि पाचची बाजूही खाली येते. पाचच्या बाजूने ओढलं तर आधी मॉसफेटच्या पोटातला डायोड सोर्सला साधारण ०.७ पर्यंत खेचतो, तेवढ्याने मॉसफेट उघडतो आणि उरलेलं काम तो करतो. दिशा सांगणारी पिन नाही, प्रोग्रॅममध्ये एक ओळ नाही. ज्याने हे पहिल्यांदा कागदावर काढलं असेल तो त्या रात्री शांत झोपला असेल.

सगळे यासाठी बीएसएस-१३८ वापरतात. एम. जी. रोडवर तीन दुकानं फिरलो, नव्हता. शेवटच्या काउंटरवर म्हणाले, ‘२एन-७००० घेऊन जा, तेच काम करतो, पायवाला आहे, सोल्डरला सोपा.’ चार घेतले.

डेटाशीट पाहिली होती, हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो. बीएसएस-१३८ चा थ्रेशोल्ड, म्हणजे मॉसफेट उघडायला गेटला लागणारं व्होल्टेज, जास्तीत जास्त १.५ व्होल्ट. २एन-७००० चा ०.८ पासून ३ पर्यंत कुठेही. सिडकोतल्या घरी झिरो पीसीबीवर जोडला, पहिल्या फटक्यात चालला, आणि ‘३ पर्यंत’ हे दोन शब्द मी विसरलो.

७ डिसेंबर, रविवार

शेडमध्ये पेटी बसवली. मोबाईलचा जुना चार्जर, त्यापुढे १एन-४००७ डायोड, म्हणजे कुणी तारा उलट्या लावल्या तरी नुकसान नको. मामेभावाने केबल पुरली. मामींनी पिठलं-भाकरी पाठवली. दुपारी दोनला प्रोग्रॅममध्ये तात्पुरती मर्यादा ३५ अंश केली, वेळेची अट काढली, आणि मोटर धडधडत सुरू झाली. मामा काही बोलले नाहीत, पण वायरमनला चहा दोनदा आला.

२१ डिसेंबर

पहाटे ५:४० ला मामांचा फोन. ‘अरे, त्या डबड्यावर चिनी अक्षरं आली. मोटर लागलीच नाही. मी उठलो म्हणून बरं.’

सेन्सरचा आकडा मी मोबाईलवर पाहिला: ६.८ अंश. पहिली खरी थंडी आणि पहिलाच नापास. नऊ वाजता फोन केला तर म्हणे, ‘आता नीट दिसतंय बरं का. तूच काही केलं का तिकडून?’ मी अंथरुणातून उठलोही नव्हतो.

२४ डिसेंबर

तीन दिवसांचा हिशोब: २२ ला ७.४ अंश, बंद. २३ ला ढग, ११ अंश, व्यवस्थित. आज ७.१, बंद. साडेआठ-नऊनंतर रोज आपोआप बरं.

तापमान रोज मोबाईलवर येतं, म्हणजे ३.३ च्या बाजूचा एसएचटी ठणठणीत. एलसीडीवर कचरा आणि घड्याळाची वेळ वाचता येत नाही, म्हणजे जे आजारी आहेत ते दोघंही पाचच्या बाजूचे. वेळ कळत नाही म्हणून ‘तीन ते सहा’ ही अट पूर्ण होत नाही, म्हणून मोटर नाही. गाठीतच खोट आहे. तीही थंडीत.

आधी संशय सोल्डरवर घेतला. थंडीत आकसून सांधा सुटतो, हे कंपनीत शंभरदा पाहिलंय. भिंगाखाली फोटो मागवले. मामेभावाने फोटो पाठवले त्यात सांध्यांपेक्षा त्याचा अंगठाच जास्त होता.

२७ डिसेंबर, रात्र उगावला

संध्याकाळी बस पकडून आलो. शेडमध्ये बाज टाकली. मामांनी गोधडी दिली ती आजीची, वजन साधारण एका मोटरएवढं.

झोपण्याआधी एक छोटा प्रोग्रॅम लिहून ठेवला: एसडीए तार सतत खाली धरून ठेवायची. चालू संभाषणात मीटर सरासरी दाखवतो, त्याला काही अर्थ नाही; तार स्थिर धरली तर तो खरं सांगतो.

२८ डिसेंबर, पहाट

४:५० ला उठलो. सेन्सर ६.२. बॅटरी तोंडात धरून मीटर लावला.

३.३ च्या बाजूला, ईएसपीने ओढलेली तार: ०.१ व्होल्ट. उत्तम. पाचच्या बाजूला, जिथे शून्याच्या जवळ असायला हवं: १.७. घड्याळ आणि एलसीडी ‘शून्य’ मानतात ते पुरवठ्याच्या ०.३ पटीपर्यंत. १.७ हा त्यांच्या हिशोबात शून्यही नाही, एकही नाही.

मग पुरवठा मोजला आणि लाज वाटली. माझे ‘५ व्होल्ट’ होते ४.२५. तो १एन-४००७ पाऊण व्होल्ट स्वतःच खात होता. त्याच्या मागचा एएमएस-१११७ रेग्युलेटर, त्याला आउटपुटपेक्षा व्होल्टभराहून अधिक जास्त हवं असतं. तेवढं मिळत नव्हतं, म्हणून ‘३.३’ होते ३.०५. म्हणजे मॉसफेटच्या गेटला ३.०५, सोर्सला ०.१, हातात २.९५. थ्रेशोल्ड ‘३ पर्यंत’ असलेल्या मॉसफेटला २.९५. उघडला तर नशीब.

एवढ्यात मामा कंदिलासारखी मोठी बॅटरी घेऊन आले. त्यांना मीटर धरायला दिला आणि एसडीएच्या ट्रान्झिस्टरला चिमटीत पकडला. बोटंही गारच होती, तरी काळ्या प्लास्टिकला ऊब लागत गेली. १.७. १.५. १.१. मिनिटभरात ०.४. सोडला, पुन्हा वर. पुन्हा पकडला, पुन्हा खाली.

मामा मीटरकडे बघत म्हणाले, ‘म्हणजे याला पण शेकोटी पाहिजे म्हण की.’

बरोबरच होतं ते. तापमान उतरलं की मॉसफेटचा थ्रेशोल्ड वर चढतो, अंशामागे काही मिलिव्होल्ट. दिवसा पेटीत तीस अंश, पहाटे सहा. तेवढ्यात जेमतेम सात-आठ शतांश व्होल्टचा फरक पडतो. माझ्याकडे तेवढीही शिल्लक नव्हती. त्यात डायोडही थंडीत थोडं जास्त खातो. ज्या पहाटेसाठी पेटी बनवली, नेमक्या त्याच पहाटे ती गारठत होती.

सहाला मोटर हाताने लावली आणि धुरात बसून चहा घेतला.

३० डिसेंबर

घरी चारही २एन-७००० मोजले. बसवलेले दोन पेटीतून काढून आणले होते. मामेभावाला सांगितलं, नवीन येईपर्यंत मोटर हातानेच. रीत सोपी आहे: गेट आणि ड्रेन एकत्र बांधायचे, सोर्स ग्राउंडला, ५ व्होल्टवरून २.२ किलोओहममधून साधारण एक मिलिअँपिअर सोडायचा आणि दोन टोकांमधलं व्होल्टेज वाचायचं. आले ते असे: २.१३, २.२४, २.३१ आणि २.८६. शेवटचा एसडीएवरचा. डेटाशीटच्या मर्यादेत आहे, दुकानदाराला बोल लावता येणार नाही. चारातला नेमका तोच त्या जागी बसला एवढंच. दुसरा कुठलाही लावला असता तर कदाचित मला हे कळलंच नसतं, आणि पेटी आणखी एका हिवाळ्यासाठी तशीच राहिली असती.

प्लास्टिकच्या पिशवीत घालून वीस मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवला. बाहेर काढून लगेच: २.९४. बायकोने विचारलं, मटारच्या पाकिटावर हे काय ठेवलंय. सांगितलं, तिने पाकीट दुसऱ्या कप्प्यात हलवलं.

आणखी एक चूक वहीत यायला हवी. पाचच्या बाजूला एलसीडीचे ४.७ किलोओहम, घड्याळाचे ४.७ आणि वर मी टाकलेले १०. तिन्ही समांतर धरले तर १.९ किलोओहम. तार खाली धरायला बिचाऱ्या मॉसफेटला दोनाहून जास्त मिलिअँपिअर ओढावे लागत होते. एकच जोडी असती तर निम्म्या करंटमध्ये भागलं असतं. प्रत्येक मॉड्यूल स्वतःचा पुल-अप घेऊन येतं, आणि आपण वर ‘असू दे’ म्हणून आणखी एक टाकतो.

३ जानेवारी

बीएसएस-१३८ ची तयार चार-मार्गी पट्टी ऑनलाईन मागवली होती, आली. बदल:

घड्याळ ३.३ च्या बाजूला हलवलं. डीएस-३२३१ ला २.३ ते ५.५ काहीही चालतं. ‘५’ हे फक्त मॉड्यूलवर छापलेलं. शिवाय या मॉड्यूलवर बटण-सेलला चार्ज करणारी एक वाट असते आणि माझा सेल साधा सीआर-२०३२, चार्ज न होणारा. पाच व्होल्टवर तो रोज थोडाथोडा चार्ज होत होता. म्हणजे ही चूक मी न शोधताच सुटली.

पाचच्या बाजूला आता एकटा एलसीडी. तो उद्या बंद पडला तरी मोटर थांबणार नाही. खरं तर पहिल्याच दिवशी असंच जोडायला हवं होतं: ज्यावर काम अवलंबून आहे ते सगळं एका व्होल्टेजवर, आणि गाठीपलीकडे फक्त दाखवायचं सामान.

१एन-४००७ च्या जागी १एन-५८१९ शॉट्की. आता रेल ४.७ च्या आसपास, रेग्युलेटर ३.३० नीट देतो. माझे १० किलोओहम काढले. प्रोग्रॅममध्ये एक अट वाढवली: घड्याळ वाचता आलं नाही तर नुसत्या तापमानावर मोटर लावायची. पाणी थोडं वाया गेलं तरी चालेल, मणी तडकायला नकोत.

पूर्ण पेटी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली. मटार आधीच हलवलेले होते. सकाळी आत ५ अंश, एलसीडीवर वेळ बरोबर, पाचच्या बाजूचा ‘शून्य’ ०.१२.

४ जानेवारी, रविवार

पेटी परत बसवली. शेततळ्याकाठच्या नॅनोच्या डब्यात कुंभारमाशीने मातीचं घर बांधायला घेतलं होतं, ते खरवडलं आणि केबलच्या भोकात एम-सील भरलं. आरएस-४८५ ने आजवर एकदाही कुरकुर केलेली नाही.

९ जानेवारी

रात्रपाळीची लाईन. ५.९ अंश. मोबाईलवर नोंद: ३:२२ ला मर्यादा ओलांडली, पाणी पुरेसं, मोटर सुरू. ६:०० ला बंद. मामांचा फोन नाही आला. साडेसातला मीच केला.

‘लागली होती का?’

‘लागली होती. मी तीनला उठूनच बसलो होतो, बघत.’

‘मग उठायचं कशाला, मामा?’

‘सवय.’

१२ जानेवारी

मामेभावाने फोटो पाठवला. पेटीला मामांनी त्यांची जुनी लोकरीची कानटोपी चढवली आहे, नाड्या खाली गाठ मारून. मी लिहिलं, आता गरज नाही, गाठ बदललीय. उत्तर आलं, ‘बाबा म्हणतात असू दे.’ फोटो मोठा करून पाहिला: तापमानाचा सेन्सर टोपीच्या बाहेर लोंबतोय. मग असू दे.